दुसरी वेलांटी

प्रूफरीडर घरात फारसा बोलत नसे. दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस घरी येऊन स्वतःच्या करायला धजत नाही, एवढंच त्याचं कारण.

बायकोला सातवा महिना लागला. बाळाला आता ऐकू येतं, दोघांनीही त्याच्याशी बोलत जा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासूबाई नुसतं "काय रे सोन्या" म्हणाल्या तरी पोटातून लाथ बसायची. शेजारच्यांच्या मिक्सरलाही बाळ दाद द्यायचं. बापाने तोंड जवळ नेलं की मात्र आत सामसूम.

"झोपलं असेल हो," बायको म्हणायची.

"आत्ता मिक्सरशी बोलत होतं."

त्याला ते आतून लागलं होतं. बाहेर आल्यावर याने आपल्याला ओळखलंच नाही तर?

"जावईबापू, मनातलं बोला की," सासूबाई म्हणाल्या. "आत आहे तोवर उलट उत्तर तरी देत नाही."

त्याने मनातलं आधी लिहून काढलं. चार ओळी झाल्या. सवयीने लाल पेन हातात आलं. 'माझ्या लाडक्या बाळा'मधलं 'माझ्या' अनावश्यक निघालं, 'लाडक्या' अतिशयोक्त. शेवटी 'बाळा' तेवढं उरलं.

रविवारी दुपारी त्याने घरीच काम काढलं. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका सोमवारी छपाईला जायची होती. बायको मूळ प्रत धरून पलंगावर टेकली आणि तो छापखान्याच्या रिवाजाने, काना-मात्रा-वेलांट्यांसकट, मोठ्याने वाचू लागला.

"पंप सुरू, र ला दुसरा उकार, करण्याआधी टाकी, दुसरी वेलांटी..."

"अहो! लाथ मारली!"

"कुठे?"

"बरगडीत."

"वाक्यात कुठे, ते विचारतोय."

"दुसऱ्या वेलांटीला."

त्याने पोटावर हात ठेवला आणि तीच ओळ पुन्हा वाचली. हाताला दणका बसला. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"काय म्हणालात त्याला?"

"टाकी."

सासूबाई आल्या पावली परत गेल्या.

तो वाचत राहिला. श्वास घ्यायला थांबला की आतून लाथ यायची. बघता बघता पुस्तिका संपली.

"थांबू नका ना," बायको म्हणाली. "वाट बघतंय ते."

मलपृष्ठावर हमीच्या अटी होत्या. दुसऱ्या एका प्रूफरीडरने त्या आधीच तपासून, सही करून दिल्या होत्या. त्याने घसा खाकरला आणि पहिल्या अटीपासून सुरुवात केली.