बाटलीतलं पांढरं पाणी

आपण खातो ते तूप-तेल पोटातून थेट रक्तात जात नाही. एक बारीक वाहिनी ते छातीतून वर नेते आणि मानेच्या डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडामागे, रक्तात सोडते. ऑपरेशनच्या वेळी रोगी उपाशी असतो, त्यामुळे ही वाहिनी मिटलेली असते आणि भोवतालच्या चरबीतून तिला वेगळं ओळखणं फार अवघड जातं. मानेतल्या कॅन्सरच्या गाठी काढताना ती कधीतरी कापली जाते. अनुभवी हातांकडूनही जाते. कापताना कळत नाही. रोगी जेवायला लागला की जखमेत ठेवलेल्या नळीतून दुधासारखं पांढरं पाणी बाटलीत जमू लागतं, तेव्हा कळतं.

त्या आजोबांच्या बाबतीत तसंच झालं होतं.

मी चेन्नईत आले ती शस्त्रक्रियेचं शिक्षण घ्यायला, आणि इथेच राहिले. आमच्या तालुक्याच्या गावी वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. माझी शाळा नगरपालिकेची. घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. इथे ज्या सरांच्या हाताखाली मी शिकले, त्यांच्याबरोबरच आता काम करते. सर तमिळ, साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. माझ्या हातात जे काही कसब आहे ते त्यांनी दिलेलं आहे. हे मी सगळ्यांना सांगते, कारण ते खरं आहे.

आजोबा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कुटुंब मूळचं तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, पण घरात मराठीच. मुलगा इथेच चेन्नईत, पेरुंगुडीला आयटी कंपनीत. त्याला मराठी समजायची, पण बोलायचा तो तमिळ नाहीतर इंग्रजी. आजींना मी पहिल्यांदा मराठीत "बसा ना" म्हटलं, तेव्हा त्या दचकून माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"तुम्ही आमचेंच कीं!" त्या म्हणाल्या. "कोणतें गांव?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. आजोबा खाटेवरून म्हणाले, "हिची मराठी टीव्हीतली आहे."

"ऐकायला बरी आहे," आजी म्हणाल्या, "पण फार घाईची."

त्यानंतर मी वॉर्डात गेले की त्या मला थांबवून काही ना काही विचारायच्या. मीही थांबायची. रुग्णालयात आपली भाषा क्वचित कानावर पडते.

ऑपरेशन सरांनी केलं होतं, मी मदतीला होते. गाठी सगळ्या निघाल्या. आजोबा जेवायला लागले आणि बाटली पांढरी झाली. सरांनी मुलाला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "असं कधीकधी होतं. बहुतेक वेळा आपोआप भरून येतं." उपाय सोपा होता. जेवणातला स्निग्धांश पूर्ण बंद करायचा, म्हणजे त्या वाहिनीला काम उरत नाही आणि भोक मिटतं.

आजोबांनी जन्मभर बाहेरचं अन्न खाल्लेलं नव्हतं. त्यामुळे घरचा डबा आणायला परवानगी दिली. आहारतज्ज्ञ बाईंनी आजींना समोर बसवून सगळं सांगितलं. तेल नको, खोबरं नको, दूध नको, तळलेलं काही नको, काजू-शेंगदाणे नकोत. आजी ऐकणाऱ्यांतल्या होत्या. इडली, उकडलेल्या भाज्या, फोडणी न दिलेलं रसम आणि भात. कढईला जुनं तेल लागलेलं असेल म्हणून त्यांनी नवं पातेलं काढलं, असं मुलगा कौतुकाने सांगत होता.

तरी बाटली पांढरीच येत राहिली. सकाळी जरा निवळलेली दिसायची, दुपारनंतर पुन्हा दूध. त्या पाण्यातून अंगातली प्रथिनं वाहून जातात. आजोबांचे गाल बसले, पायांवर सूज आली. तोंडावाटे खाणं बंद करून शिरेतून अन्न द्यायचा प्रयत्न केला, पण त्यांचं हृदय आधीच्या झटक्याने कमजोर झालेलं होतं. इतकं द्रव त्याला पेलेना. दम लागला, आणि ते लगेच थांबवून डबा पुन्हा सुरू करावा लागला. औषधांनी फरक पडला नाही.

आता एकच मार्ग राहिला होता. छाती उघडायची आणि ती वाहिनी खाली बांधून टाकायची. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी कागद पाहून सरांना स्पष्ट सांगितलं, "टेबलावर घेऊ आपण. पण ते परत उठतील की नाही, मी सांगू शकत नाही." सरांनी कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले, "सोमवारी घेऊ. असेच ठेवले तर झिजून जातील."

शुक्रवारी त्यांनी मला आजींकडे पाठवलं. "तू त्यांच्या भाषेत समजाव. मुलगा त्यांना अर्धंच सांगतो असं मला वाटतं."

मी गेले तेव्हा जेवणाची वेळ होती. आजींनी डबा उघडून ताटात भात वाढला होता. मी म्हटलं, जेवण होऊ दे, मग बोलते, आणि भिंतीशी उभी राहिले.

आजोबांनी हात धुतला. ताट मांडीजवळ ओढलं. हात भातावर नेला आणि तिथेच थांबवला.

भुकेलेला माणूस, समोर गरम भात, आणि हात अधांतरी. मी तो हात ओळखला. आमच्या गावी मुख्याध्यापकांच्या घरी लग्न होतं तेव्हा त्यांनी आम्हा शाळेच्या मुलांनाही पंगतीला बसवलं होतं. मी वाढल्या वाढल्या भातात बोटं घातली, तर शेजारच्या बाईंनी हळूच माझं मनगट धरलं. "थांब गं. तूप यायचंय." अख्खी पंगत हात आवरून बसली होती. आमच्या घरी तूप दिवाळीलाच दिसायचं, मला काय ठाऊक!

आजींनी कापडी पिशवीत हात घातला. तळाशी, रुमालात गुंडाळलेली, झाकणाची छोटी चांदीची वाटी होती.

"आजी, हे काय?"

"तूप, बाळ."

"अहो, पण तेल-तूप सगळं बंद सांगितलंय ना?"

"तेल बंदच आहे. थेंब घातला नाहीं कशांत." त्यांना माझा प्रश्नच कळत नव्हता. "हें जेवायचें तूप नव्हे. हें अन्नशुद्धीचें. चमचाभर भातावर पडलें कीं अन्न शुद्ध झालें. दुखण्यांतल्या माणसाला अशुद्ध अन्न घालूं का मी?"

काय शिजवता, कशात शिजवता, हे आम्ही सगळ्यांनी विचारलं होतं. ताटात पडल्यावर त्यावर काय घालता, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि आजींनी ते लपवलंही नव्हतं. मीठ-पाणी कुणी सांगत बसतं का? सकाळी चमचाभर, दुपारी चमचाभर, रात्री चमचाभर. बाटलीतलं दूध तेवढ्याने पांढरं राहायला पुरेसं होतं.

मी जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू सांगितलं. तेवढ्यात मुलगा आला. काय चाललंय ते उमगताच त्याचा आवाज चढला.

"अम्मा! किती वेळा सांगितलं, फॅट नको म्हणून!" तो तमिळमध्ये ओरडला. "सोमवारी अप्पांची छाती फाडणार आहेत, ठाऊक आहे तुला?"

हे आजींना ठाऊक नव्हतं. ते सांगायलाच तर मी आले होते.

"आवाज खालीं," आजोबा म्हणाले. "तूं आपल्या घरांतच जेवतोस ना? तुझ्याही भातावर रोज पडतें. तुला तरी कुठें आठवलें?"

आजी वाटी मांडीत धरून बसल्या होत्या. "म्हणजे माझ्या हातानेंच," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य झालंच नाही.

मी सरांना फोन केला. ते दोन ऑपरेशनांच्या मधल्या वेळात तसेच हिरव्या कपड्यांत आले. मी त्यांना दाराशी गाठून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते आजींना समजावतील, नाहीतर चिडतील. त्यांनी स्टूल ओढलं, आजींच्या समोर बसले आणि तमिळमध्ये बोलू लागले.

"अम्मा, ते भोक तुपाने पडलेलं नाही. ते माझ्या सुरीने पडलं. तूप जात राहिलं म्हणून ते मिटलं नाही, एवढंच. तुमच्या मुलाला मी म्हणालो की असं कधीकधी होतं. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. माझ्या हातून झालं, हे मी तुमच्याशी येऊन बोलायला हवं होतं. मग काय खायचं याची चौकशीही मीच नीट केली असती."

माझी आजी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशननंतर गेली, तेव्हा मी शाळेत होते. काय झालं, कशाने झालं, कुणीही वडिलांना सांगितलं नाही. ते व्हरांड्यात हात जोडून उभे राहिले, डॉक्टर शेजारून गेले तेव्हा त्यांनी त्यांना नमस्कार केला, आणि आम्ही आजीला टेम्पोतून घरी आणलं. त्या दिवशी वॉर्डात सरांच्या मागे उभी असताना मला वडिलांचे ते जोडलेले हात दिसत होते. एवढा मोठा माणूस स्टुलावर बसून असं बोलू शकतो, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आजींनी वाटी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली. मग तमिळमध्येच म्हणाल्या, "भोक तुम्ही केलंत. तूप मी घातलं. भोगलं यांनी."

"हो," सर म्हणाले.

"आता?"

"आता आजपासून तूप नाही. सोमवारी सकाळपर्यंत बाटली निवळली तर छाती उघडायची नाही. नाही निवळली तर उघडावी लागेल, आणि त्यात काय होऊ शकतं ते मी आधी तुम्हाला सांगेन. दुसऱ्या कुणाला नाही."

"तुमचा दोघांचा हिशेब झाला असेल," आजोबा खाटेवरून म्हणाले, "तर भात निवतोय माझा."

मुलगा हसला आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसू लागला. आजोबांनी तळहातावर पाणी घेतलं, ताटाभोवती फिरवलं, क्षणभर डोळे मिटले आणि कोरड्या भातात बोटं घातली. आजींनी पाहिलं नाही. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

त्या रात्रीपासून डबा आजीच करायच्या, पण वाढायला मुलगा. त्या खाटेच्या पायथ्याशी बसून राहायच्या. मी शनिवारी दोनदा गेले. आजी, मुलगा आणि मी, तिघंही आधी बाटलीकडे पाहायचो. संध्याकाळी मला रंग थोडा पातळ वाटला. पण मनाला जे हवं असतं तेच डोळ्यांना दिसतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. रविवारी दुपारचं जेवण झाल्यावर पुन्हा पाहिलं. पांढरं पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं होतं.

"अजून थांबा," मी आजींना म्हटलं.

"मी कुठें जातेंय," त्या म्हणाल्या.

सोमवारी आजोबांना उपाशी ठेवलं होतं. टेबल राखून ठेवलेलं, भूल देणाऱ्या डॉक्टरबाई येऊन उभ्या. सरांनी बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. आत रात्रीच्या जेवणानंतर जमलेलं, फिकट पिवळं, स्वच्छ पाणी होतं. तेही थोडंच. त्यांनी नमुना तपासायला पाठवला आणि उत्तर येईपर्यंत वॉर्डातच थांबले. एरवी ते कुठे असे थांबत नाहीत. फोन आला, त्यांनी तो ऐकला, आणि वळून प्रथम आजींना सांगितलं.

"छाती उघडायची नाही, अम्मा. नळी अजून काही दिवस राहील. मग तीही काढू."

आजींनी मान हलवली. आभार मानले नाहीत, आणि सरांनाही ते नको होते असं मला वाटलं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आजोबांच्या पायावर हात ठेवून निघून गेल्या.

दुपारी मी दुसऱ्या रोग्याकडे जाताना त्यांच्या खाटेजवळून गेले. मुलगा डबा उघडत होता.

"तूं राहूं दे," आजोबा त्याला म्हणाले. मग आजींकडे वळले. "आज तूं वाढ."

"मी?"

"मग कोण? याचें वाढणें म्हणजे सांडणें."

आजी उठल्या. त्यांनी पदर खोचला, ताट पुसून घेतलं. भात वाढला, त्यावर रसम घातलं, आणि हात मागे घेतला. आजोबा जेवू लागले.