जानेवारीतला पूर आणि मोर्शीची तहानलेली बाग

जानेवारीत तीन दिवस मुसळधार पाऊस पडला आणि चौथ्या दिवशी मी पूर बघायला निघाले. आम्ही अकोल्याची माणसं. भर थंडीत नद्या दुथडी भरल्यात म्हटल्यावर घरात कोण बसणार? मोर्शीला नणंदेकडे जायचं निमित्तही होतं. स्वेटर घेऊ की छत्री, यावर अर्धा तास घालवून दोन्ही घेतलं.

सकाळची बडनेऱ्याकडची गाडी पकडली. काटेपूर्णा गढूळ, फुगलेली. नदी कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं, कळेना. मला तर बाई आनंदच झाला. समोरच्या आजोबांना विचारलं, "पाऊस चांगला झाला नं?"

"कोनाले इचारता त्यावर हाय," ते म्हणाले. "उंचावरचा गहू हासून राह्यला, खालचा हरभरा पान्यात बसला."

"आणि तुम्ही?"

"मी मधात उभा हाओ."

बडनेऱ्याहून अमरावतीच्या स्टँडपर्यंत ऑटो (भाडं आधीच ठरवा, नाहीतर उतरताना वाद), पुढे मोर्शीची एसटी. मोर्शीच्या अलीकडे पुलावरून पाणी वाहत होतं, बस दीड तास थांबली. जाणार असाल तर बूट नकोत. काळी माती अशी चिकटते की पाय उचलवत नाही. स्टँडवरचा गरम आलूबोंडा मात्र चुकवू नका.

शरदराव, म्हणजे नणंदेचे यजमान, संत्र्याच्या बागेतलं पाणी काढायला चर खोदत होते. झाडं धुतल्यासारखी लख्ख. मी उत्साहाने म्हणाले, "नशीब काढलं हो झाडांनी! पोटभर पाणी मिळालं."

त्यांनी फावडं चरात टेकवलं.

"वहिनी, दीड महिना म्या या झाडायले मुद्दाम पानी देल्लं नाई. तान देल्ला. तहानले का मंग एका पान्यात फुलतात. आता आधीच पेऊन बसले."

"मग फुलणारच नाहीत?"

"महिन्यानं समजन. फूल आलं त साल आपलं. नुसते पानं आले त गेलं."

"पूर पाह्याले आल्या नं? पाहून घ्या," नणंद मागून म्हणाली. टोमणा होता की पाहुणचार, मला ठरवता आलं नाही. ओढणी खोचून मी चरातला गाळ काढू लागले. त्याने मदत झाली की अडचण, तेही कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी नदीवर गेले. ढग फाटून ऊन पडलं होतं आणि पाणी इतकं सुंदर दिसत होतं की मला लाज वाटली. फोटो काढले, पण कुणाला पाठवले नाहीत.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "मजा आली का?" मी हो म्हटलं, मग नाही म्हटलं, मग चहा ठेवला.

महिन्याने शरदरावांचा व्हिडिओ कॉल आला. सगळी बाग कोवळ्या, तुकतुकीत पालवीने भरली होती. ते एकेका झाडाजवळ फोन नेत होते. फूल काही दिसेना.

"चांगली दिसून राह्यली नं बाग?" त्यांनी विचारलं.

दिसत होतीच. मी हो म्हणाले आणि लगेच जीभ चावली.