रोडग्यासाठी दुप्पट गोळी

सोनाळ्याला निघण्याआधी आठवडाभर मी कोलेस्टेरॉलची गोळी दुप्पट घेतली. डॉक्टरांना विचारलं नाही, बायकोला सांगितलं नाही. सुधाकरच्या शेतात रोडग्यांची पंगत होती आणि तिथे तूप चमच्याने नव्हे, तांब्याने वाढतात. पूर यायच्या आधी बांध घालावा, इतका साधा माझा विचार.

शेगावला उतरताना मांड्या ठणकत होत्या. दोष रेल्वेच्या बाकाला दिला, पुढे एसटीला. सोनाळ्यात समोर सातपुडा निळसर आडवा पसरलेला. दुसऱ्या दिवशी तो चढायचा बेत होता. सुधाकर, माझा वसतिगृहापासूनचा मित्र, संत्र्यांच्या बागेतून झपाझप पुढे. मी दर बांधाला थांबून झाडं न्याहाळण्याचं सोंग करत मागे.

कडुनिंबाखाली पंगत बसली. रोडगे (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे), वरण, वांग्याची भाजी. सुधाकरच्या बायकोने, वंदनावहिनींनी, रोडगा कुस्करून तांब्या वाकडा केला.

"तुमी बस म्हटल्याबिगर थांबत नाही मी, भाऊजी."

मी बस म्हटलंच नाही.

पंगत उठली. मी उठेना.

"काऊन बे, अजून पाह्यजे काय?" सुधाकरने विचारलं.

"पाय उचलत नाहीत."

त्याने आणि पंगतीतल्या आणखी एकाने बगलेत हात घालून उभं केलं. बांधाआड गेलो, तर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. तेव्हा कुठे गोळी देतानाचं डॉक्टरांचं बोलणं आठवलं: अंग दुखलं तर कळवा, लघवी गडद झाली तर धावत या. धावणं शक्य नव्हतं. फोन केला. ते म्हणाले, गोळी बंद, आत्ता दवाखाना गाठा. या गोळीने स्नायू विरघळले की मूत्रपिंडांवर येतं.

सुधाकरने गाडी काढली. वाटभर हॉर्नवरचा हात काढला नाही.

शेगावच्या दवाखान्यात सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं.

"दोन दोन गोळ्या कशासाठी?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुपासाठी."

त्यांनी एकदा सुधाकरकडे पाहिलं आणि लिहायला घेतलं. संध्याकाळी कळलं, मूत्रपिंडं शाबूत आहेत. सुधाकर बाहेर जाऊन चहा पिऊन आला आणि मग त्याने मला मनसोक्त शिव्या दिल्या.

सातपुडा राहिला. प्रवासात माणूस नवं शिकतो म्हणतात. मी घरच्याच डॉक्टरांचं जुनं वाक्य तेवढं शिकून निघालो. दवाखान्यातून सुटल्यावर स्टेशनवर वंदनावहिनी रोडग्यांचा डबा घेऊन आल्या. मी हात पुढे केला. त्यांनी डबा माझ्या पिशवीत पार तळाशी ठेवला.

"हा घरी ताईसाठी हाय. तुमाले वास पुरे."