पंख्याचं तोंड

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलेलं, आणि मे महिना.

माझी शाळा तिसरीत सुटली. सही करतो, दुकानाच्या पाट्या वाचतो, लाइटचं बिल अक्षरं लावून लावून वाचतो. पण मोटर आणि पंखा या दोन गोष्टी मला कुणी शिकवू नयेत. कांजूरमार्गला चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवतोय, आणि एवढ्या काळात माझी मोटर एकदाच जळली. तीही पहिल्याच वर्षी. मोटर जमिनीला टेकवून बसवली होती, तिनं खालचं पीठ ओढून ओढून पोटात भरून घेतलं, आणि भर दळणात धूर. त्या दिवशी कानाला खडा लावला. जे यंत्र हवा ओढतं त्याचं तोंड जमिनीकडं करायचं नाही.

आमचं घर गिरणीच्या मागंच. मध्ये चौकट आहे, दार नाही. बायको लग्नापासून सांगत आली, "तिथं काहीतरी लावा, डाळीत पीठ, गादीत पीठ, डोक्यात पीठ." मी लावलं नाही. जेवायला बसलो तरी दगडाचा आवाज माझ्या कानात पाहिजे. आवाज बदलला की घास टाकून उठतो मी.

मागच्या वर्षी बायको न्हाणीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती पलंगावर. मुलगा जहाजावर, नऊ-नऊ महिने घरी नाही. सगळं सुनेवर आलं. ती अंधेरीला एका ऑफिसात होती. इमारत बांधायच्या आधी ती कशी दिसेल याची चित्रं कॉम्प्युटरवर काढायची. सासूसाठी तिनं नोकरी सोडली, मला न विचारता. तिनं विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, हे तिला माहीत होतं.

मग त्याच ऑफिसनं निरोप दिला, घरून काम कर, पण तुझ्या मशीनला ते झेपतंय हे दाखव. एका इमारतीची आतून-बाहेरून फिरणारी फिल्म शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची. पोचली तर काम कायम. नाही पोचली तर दुसरं माणूस तयार होतं. घर सोडून दुसरीकडं जाणं तिला शक्यच नव्हतं, म्हणजे तिच्यासाठी तेवढा एकच रस्ता उघडा होता.

तिनं कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले आणि बुधवारी सासूच्या पलंगाशेजारी चटईवर बसून स्वतः जोडायला घेतले. मी गिरणी बंद करून आलो तर हातात एक काळा डबा, त्याला पंखा.

"हे काय गं?"

"एसएमपीएस, अप्पा. बाकीच्यांना वीज हा वाटतो."

"पंखा कशाला?"

"हा तापतो ना. पंखा गार हवा आत ओढतो आणि गरम हवा मागून बाहेर."

तिनं तो डबा कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मोठ्या पेटीच्या, तळात सरकवला, पंख्याचं तोंड खाली करून. माझं डोकं तिथंच फिरलं.

"तोंड वर कर."

"खाली जाळी दिलीय, अप्पा. बाहेरची हवा तिथूनच घेणार."

"हवा नाही घेणार, पीठ घेणार. हे जमिनीवर राहणार ना?"

"जाळी आहे म्हटलं ना. काढून धुता येते."

"चाळणीलाही जाळीच असते. तिच्यातून काय पडतं मग?"

बायको पलंगावरून हसली. सूनही हसली, पण म्हणाली, "अप्पा, गिरणी तुमची, कॉम्प्युटर माझा." आणि चारही स्क्रू पिळून टाकले.

हे मला लागलं. चाळीस वर्षं मी पिठातच काढली, आणि पीठ कुठं जातं ते मला सांगणार ही.

गुरुवारी ती औषधं आणायला गेली. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, वीज काढली, तिनं उघडलं तसंच उघडलं, वायरी जोडलेल्या तशाच ठेवून डबा उलटा केला आणि परत बसवला. पंख्याचं तोंड वर. वर बोटभर अंतरावर कॅबिनेटचाच आतला आडवा पत्रा होता, तो मी पाहिला. त्याला भोकं असणारच असं धरून चाललो. हात लावून पाहिलं नाही.

बायको बघत होती. म्हणाली, "ती आल्यावर सांगा तिला."

"सांगायचं काय त्यात? मशीन वाचवलंय तिचं."

शनिवारी सकाळी आठला तिनं फिल्म लावली. चार तास लागतील म्हणाली. मी गिरणीत. साडेनऊला आतून आवाज आला, "अरे देवा." गेलो तर पडदा काळा. तिनं थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून लावलं. अकराला पुन्हा काळा. तिनं फोन हातात घेतला.

"कुणाला लावतेस?"

"ऑफिसला. काहीतरी खराब लागलंय, दुकान बदलून देईल सोमवारी. आज होणार नाही म्हणून सांगते."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. 

मी म्हणालो, "फोन ठेव. डबा मी उलटा केलाय. गुरुवारी."

तिनं फोन पलंगावर ठेवला. "कशाला, अप्पा?"

"पीठ जाईल म्हणून."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"ऐकलंस गं?" बायको म्हणाली. "हे उत्तर."

सून स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागली. मी म्हटलं, थांब, मी चुकलो असं अजून ठरलेलं नाही. गिरणीत हवा कुठून कुठं जाते ते बघायला मी पिठाची चिमूट सोडतो. इथं ते चालणार नव्हतं. देवापुढची उदबत्ती पेटवली. तिला मशीन नुसतं चालू करायला लावलं, बाजूचं झाकण काढायला लावलं, आणि उदबत्ती त्या पत्र्यावर धरली. पत्र्याखाली पंखा हवा ओढत असेल तर धूर खाली वळायला हवा. धूर सरळ वर. पत्र्यावर हात फिरवला. सपाट, एक भोक नाही. मागं, गरम हवा बाहेर पडते तिथं धरली. धूर जेमतेम हलला. मी पंख्याचं तोंड भिंतीला लावून ठेवलं होतं. बिचारा दोन दिवस गुदमरत होता.

"चुकलो," मी म्हणालो. एकदाच म्हणालो, पण पलंगापर्यंत ऐकू जाईल असं.

सुनेनं डबा पुन्हा सरळ केला. तोंड खाली. मग तिनं कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची जाळी ओढून काढली आणि माझ्यासमोर धरली. तीन दिवसांत तिच्यावर पांढरा थर.

"तुमचंही खोटं नाही, अप्पा. एवढं पीठ असेल तर खालची जाळीही आठवड्यात बुजेल."

मी गिरणीत गेलो. गिऱ्हाइकांचे डबे ठेवायचा माझा लोखंडी स्टँड आहे, मांडीएवढ्या उंचीचा, नुसत्या पट्ट्यांचा, खालून मोकळा. त्यावरचे डबे उतरवले, स्टँड ओल्या फडक्यानं पुसला आणि आत आणून म्हटलं, "ह्याच्यावर ठेव. तोंड तुझ्या म्हणण्याप्रमाणं खाली, आणि जमीन माझ्या म्हणण्याप्रमाणं लांब."

सुनेनं फिल्म पुन्हा पहिल्यापासून लावली तेव्हा बारा वाजून गेले होते. आणखी एकदा बंद पडलं असतं तर वेळ उरला नसता. म्हणून पीठच उडू नये यासाठी मी बाहेर जाऊन मोटर बंद केली. शनिवारची गर्दी, रांगेत सात-आठ डबे. एक बाई म्हणाल्या, "काका, लाइट तर आहे."

"लाइट आहे, पण गिरणी आज पाचनंतर."

"काय झालं?"

"घरात काम चाललंय."

आत येऊन स्टँडशेजारी पाटावर बसलो. अधूनमधून डब्यामागं हात धरायचो. हवा येत होती, गरम, एकसारखी. गिरणी बंद असल्यामुळं पंख्याचा बारीक आवाज नीट ऐकू येत होता. चांगल्या मोटरचा आवाज कसा असतो ते मला कळतं. तासाभरात मी बायकोला सांगून टाकलं, "होतंय."

साडेचारला फिल्म पुरी झाली, पाचला पाठवली, सहाच्या आत फोन आला. सून स्वयंपाकघरात जाऊन बोलली. बाहेर आली ती सासूच्या उशाशी बसली आणि म्हणाली, "आई, सोमवारपासून." मग मला म्हणाली, "अप्पा, आता तरी माझ्या मशीनला हात लावू नका."

"विचारून लावीन," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर चालू करायच्या आधी मी दोन गोणपाटं उसवून जोडली, पाण्यात बुडवून पिळली, आणि शिडीवर चढून गिरणी आणि घर यांच्यामधल्या चौकटीला खिळ्यांनी ठोकली. आतून बायको म्हणाली, "खालपर्यंत येऊ द्या." मी आणखी वीतभर जोडलं.