लीग त्याची, खेळ माझा

तो गेला त्या दिवशी बारामतीतल्या पूल हॉलच्या मालकानं शटर उघडलंच नाही. बंद शटरसमोर चाळीसएक माणसं उभी होती. आमच्या कंपनीतले फिटर, डेअरीतली पोरं, भाजीच्या आडतीवरचे हमाल, इंदापूरहून आलेले दोन मास्तर. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. माझा दोस्त गेला होता, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? मी मेलो असतो तर हे शटर बंद राहिलं असतं का?

सांगायला लाज वाटते. पण त्याच्याबद्दल लिहायचं तर हे लपवून चालणार नाही.

आम्ही दोघं लोणी देवकरच्या एकाच कारखान्यात होतो. तो मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन, मी क्वालिटीत. सकाळी बारामतीहून कंपनीची बस निघायची. तो कऱ्हाटीचा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी, म्हणजे आबांनी, कळप विकून शेती धरली. मी कन्हेरीचा, आमच्याकडं टोमॅटो आणि पेरू. पूल मी पुण्यात डिप्लोमा करताना शिकलो. हिरव्या कापडाचं टेबल, सहा खिसे, पांढऱ्या बॉलनं बाकीचे बॉल खिशात घालायचे आणि काळा सगळ्यात शेवटी. हात माझा चांगला होता, अजून आहे. एका सुट्टीच्या दिवशी मीच त्याला त्या हॉलमध्ये नेलं. काठी कशी धरायची हेही मीच शिकवलं.

तो कधीच चांगला खेळला नाही. पहिल्या दिवशी दोन तासांत त्याचा एक बॉल खिशात गेला, तोही चुकून. बाहेर पडताना म्हणाला, "एवढा झ्याक खेळ हाय, मग हितं चारच माणसं का रं?"

मी आठ-दहा वर्षं त्या टेबलावर खेळत होतो. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सहा महिन्यांत त्यानं आठ संघ उभे करून रविवारची लीग सुरू केली. पूल हॉल म्हणजे पैजा लावायची जागा, अशी गावात समजूत, म्हणून तो घरोघर गेला. हॉलमालकाला पैजा आणि गुटखा बंद करायला लावला. पहिल्या रविवारी आपल्या आबांनाच घेऊन आला. पटका बांधलेले आबा भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले, तेव्हा लोकांची भीड मोडली. त्याचा एक नियम होता. प्रत्येक संघात त्याच वर्षी खेळ शिकलेला एक गडी हवाच. मी भांडलो.

"दर्जा खाली येतो अशानं," मी म्हणालो.

"दर्जाला तू हायस की," तो हसला. "बाकीच्यांना खेळू दे."

असं बोलल्यावर माणसानं रागवायचं तरी कसं? मी रागावलोच. सामने मी जिंकायचो आणि बसमध्ये जागा त्याच्यासाठी धरून ठेवलेली असायची. माझ्या अवघड फटक्यावर टाळ्या पडायच्या. तो नेम चुकवून पांढरा बॉलच खिशात घालायचा, तेव्हा अख्खा हॉल त्याच्यासोबत हसायचा. त्या हसण्यात जे होतं ते माझ्या टाळ्यांत नव्हतं, हे मला कळायचं. घरी माझे वडील, तात्यासुद्धा विचारायचे, "तुझा तो लीगवाला कसा हाय?" मी कसा खेळलो, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटी मी इंदापुरात माझी वेगळी स्पर्धा काढली. फक्त चांगल्या खेळाडूंची. तिथं नुकतंच एक टेबल आलं होतं. चौकात फ्लेक्स लावला, त्यावर काठी घेतलेला माझा फोटो. त्याला मुद्दाम सांगितलं नाही. रविवारी सकाळी दहाला आलेली माणसं मोजली. पाच, त्यातला एक हॉलमालकाचा मेहुणा.

अकराला खाली पिकअप थांबली. मागच्या हौद्यातून बारामतीचे अकरा जण उतरले आणि ड्रायव्हरशेजारून तो.

"फ्लेक्स बघितला," तो म्हणाला. "आमाला घेतोस न्हवं?"

"ही चांगल्या खेळाडूंची स्पर्धा आहे."

"मग मी पहिल्याच फेरीत हरतो, त्यात काय अवघड हाय?"

आणि हरला. नंतर दिवसभर तिथल्या हॉलमालकाला सांगत राहिला, की ह्या गड्यासारखा हात दोन्ही तालुक्यांत न्हाय. स्पर्धा मी जिंकली. फोटो काढताना सगळ्यांनी त्याला मध्ये ओढलं. मी कडेला, कप धरून. आठवड्याभरात इंदापूरच्या लोकांनी त्याला फोन केला, आमाला तुमच्या लीगमध्ये घ्या म्हणून. माझी स्पर्धा पुन्हा झाली नाही. पुढचे दोन महिने मी बसमध्ये मागच्या सीटवर बसलो. तो रोज चढताना हात करायचा, मी खिडकीतून ऊस बघत राहायचो. मग एक दिवस तोच मागं येऊन बसला आणि काही झालंच नाही असं बोलायला लागला. तेही मला आवडलं नाही. निदान भांडायचं तरी होतंस.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा बारामतीत डायलिसिस. मी घरचे पेरू घेऊन भेटायला गेलो.

"ह्ये मला चालत न्हाईत," तो म्हणाला. "ठेव, सिस्टर खातील."

मला खाली बघावं लागलं. त्यानंच विषय काढला. "इंदापूरचं टेबल एका बाजूला उतरतंय. तेवढं लेवल करून घे."

"मीच का?"

"बाकीच्यांना वाटतंय आपलाच नेम चुकला. बॉल वळलेला तुला एकट्याला दिसतो."

मला बरं वाटलं. आणि लगेच वाटलं, पलंगावर पडूनही हा कामं वाटतोय आणि मी ती घेतोय. आज जाऊ, उद्या जाऊ करत महिना काढला. टेबल वाकडंच होतं तेव्हा तो गेला.

दहाव्यानंतर मी गवंड्याची पाणसळ घेऊन इंदापूरला गेलो. पायांखालचे बोल्ट फिरवून टेबल सरळ करायला अर्धा तास लागला. फक्त अर्धा तास.

पुढच्या रविवारी बारामतीच्या हॉलमध्ये शोकसभा होती. लीग आता माझ्याकडं येणार, असं मी मनात धरलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता, नकार देतादेता कसं हो म्हणायचं तेही ठरवलं होतं. डेअरीच्या कप्तानानं उठून सांगितलं, "लीग वहिनी बघणार. सामन्यांचे तक्ते सात वर्षं त्याच करत्यात." वहिनी, म्हणजे त्याची बायको, पुढच्या रांगेत वही घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांना हे माहीत होतं. मलाच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तयार केलेलं भाषण आठवेना. मी म्हणालो, "मला त्याचा हेवा वाटायचा. अजून वाटतोय."

आबा त्यांच्या खुर्चीवरून म्हणाले, "वाटू दे की. माझ्या पोराचा कुणाला तरी हेवा वाटला, ह्ये काय कमी हाय व्हय?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी डोळे पुसले. मी खाली बसलो.

सभा संपल्यावर आबांनी मला खुणेनं बोलावलं. आवाज बारीक करून म्हणाले, "एक इचारू का? त्यो काळा बॉल शेवटालाच का घालत्यात?"

"आबा, तुमी सात वर्षं बघताय की!"

"बघतोय. पर कळत न्हाय. पोराला इचारायची लाज वाटायची. त्यो एवढा हौसेनं बसवायचा मला हितं."

मी टेबलावर बॉल मांडले आणि त्यांना पहिल्यापासून खेळ समजावला. ते मान डोलवत होते आणि मला पुन्हा त्याचा हेवा वाटला. लीग, टाळ्या, बसमधली जागा सगळं बाजूला राहिलं. ज्या खेळातलं ओ की ठो कळत नाही तो बघायला सात वर्षं दर रविवारी कऱ्हाटीहून येणारा बाप, हे त्याच्याकडं होतं.

परवा वहिनींनी नव्या हंगामाचा तक्ता पाठवला. माझा पहिला सामना इंदापुरात आहे. तात्या अंगणात सुतळीचे तुकडे करत होते. म्हणालो, "तात्या, रविवारी येताय का माझा खेळ बघायला?"

"कशाला?" ते म्हणाले, आणि टोमॅटो बांधायला रानात निघून गेले.