माशा बाहेर चरून राहिल्या

नागपूरहून नरखेडला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पण बसला कसला! सारखा अर्धा उठायचा, खिडकीबाहेर बघायचा, फोन लावायचा, कपाळावर हात मारायचा. शेवटी मी विचारलं, "घरी कोणी बीमार हाये का गा?"

"माशा हायेत मावशी," तो म्हणाला. संत्र्याला बहर आला म्हणून त्याने एका बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या, आणि शेजारचा शेतकरी भरदुपारी औषध फवारायला निघाला होता. "दिवसा पेटीचं तोंड बंद करता येत नाही, माशा बाहेर चरून राहिल्या न! माशी कोणाले चावली, तं जबाबदार मी. फवाऱ्यानं मेली, तं कोणीच नाही. काहून?"



तेवढ्यात फोन लागला. तो शेतकरी फवारणीसाठी संध्याकाळपर्यंत थांबायला तयार झाला, पण आजच पेट्या उचल म्हणाला. "उचलतो गा," म्हणत याने फोन ठेवला आणि उभा राहून अख्ख्या गाडीला विचारलं, "कोणाच्या बागेत फुलं हायेत का हो? पेट्या ठेवू द्याल?"

"अन् चावल्या तं?" मागून कोणीतरी ओरडलं.

"जबाबदार मीच!"

लोक हसले.

"आमच्या मोसंबीले हायेत फुलं," मी बोलून बसले.

तेव्हा कुठे त्याने पाठ टेकली. आता चुळबूळ माझी सुरू झाली. बाग सुनेच्या नावावर आहे, आणि तिला मी विचारलंच नव्हतं.