निमआराम मांजरीचा फलाट

रूबेन काका घराबाहेर पडताना चौकटीला हात लावायचे. दाराच्या चौकटीवर, त्यांच्या खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची एक डबी तिरकी बसवलेली होती. तिला मेझुझा म्हणतात आणि तिच्या आत प्रार्थना लिहिलेली गुंडाळी असते, हे मला पुढे कळलं. काका डबीला बोटं टेकवायचे, तीच बोटं ओठांना लावायचे आणि मग चपला घालायचे. यात नवल काही नाही, आपणही उंबऱ्याला नमस्कार करतोच. नवल होतं ते त्यांच्या पायाशी. काकांचा हात वर गेला की त्यांची मांजर मागच्या पायांवर उभी राहायची आणि त्याच चौकटीला खाली ठोकलेल्या फळीवर दोन्ही पंजांनी फर्रर्र करून नखं ओढायची. दोघांचं उरकलं की काका दूध आणायला आणि मांजर जिन्यात. लग्न होऊन पनवेलला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी समोरच्या दारात मी हे पाहिलं आणि हातातला चहा निवून गेला.

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. काका बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. कोकणातल्या, घाटावरच्या, मुंबईच्या सगळ्या गाड्या पनवेलला येऊन एकमेकींच्या अंगावर जायच्या. त्यांना वळण लावण्यात काकांचा जन्म गेला. भोंग्यावरचा आवाज निवृत्तीनंतरही तसाच राहिला होता. फ्लोरा काकू गेल्यापासून घरात ऐकायला मांजरच उरली होती, त्यामुळे रोज सकाळी घोषणा व्हायची ती तिच्यासाठी: दूधपोळीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मांजरीचं नाव निमआराम, एसटीच्या त्या गाडीवरून. साध्या गाडीपेक्षा ऐटीत बसते, पण पुरती कधी झोपत नाही, एक डोळा उघडाच, म्हणून निमआराम. आम्ही तिला निमी म्हणायचो, तर काकांना ते खपायचं नाही. गाडीचा दर्जा कमी करू नये, असं त्यांचं म्हणणं.

त्या फळीचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला. फ्लोरा काकूंचा एक गालिचा होता, कोणा नातेवाइकानं परदेशातून आणलेला. निमी घरात आली आणि तिनं पहिला हात टाकला तो त्या गालिच्यावर. शेजारच्यांनी उपाय सुचवले. कोणी म्हणालं चप्पल दाखवा, कोणी म्हणालं तोंडावर पाणी मारा. काकांनी यातलं काही केलं नाही. गाडी चुकीच्या ठिकाणी उभी राहिली म्हणून गाडीला दगड मारणारा नियंत्रक मी पाहिलेला नाही, असं ते म्हणायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "मांजराला नखं मारू नको म्हणणं म्हणजे गाडीला थांबू नको म्हणणं. ती थांबणारच. कुठे थांबायचं, तेवढं आपण सांगायचं."

म्हणजे फलाट द्यायचा. आधी त्यांनी गोणपाट टाकून पाहिलं, ते तिच्या पंज्यांबरोबर सरकायला लागलं. मग काथ्याचं पायपुसणं आणलं, त्यावर ती नुसतीच बसली. तिला उभं राहून, अंग ताणून ओरबाडायला आवडतं, हे काकांच्या ध्यानात आलं ते तिला बरेच दिवस निरखल्यावर. मग एका जाड फळीला त्यांनी सुंभ घट्ट गुंडाळला आणि फळी गालिच्याच्या कडेलाच उभी केली. गालिच्यावर संत्र्याच्या साली पसरल्या, कारण तो वास मांजरांना सोसत नाही. निमी फळीवर गेली. मग रोज थोडीथोडी सरकवत त्यांनी ती फळी दारापर्यंत नेली. तिथून पुढे मात्र निमी हलेना. काका जिथे हात लावतात तिथेच तिला हात लावायचा होता. शेवटी काकांनी फळी चौकटीला ठोकून टाकली. गालिचा फ्लोरा काकूंच्या अखेरपर्यंत शाबूत राहिला, हे सांगताना त्यांचा भोंग्यावरचा आवाज थोडा खाली यायचा.

पुढच्या वर्षी काकांचं जायचं ठरलं. मुलगा इस्रायलमध्ये स्थायिक झाला होता आणि वडिलांना एकटं ठेवायला तयार नव्हता. पनवेलमधली त्यांच्या ज्यू समाजाची बरीच माणसं आधीच तिकडे गेली होती, त्यामुळे जायचं दुःख काका फारसं बोलून दाखवत नसत. अडलं ते निमीपाशी. सुनेला मांजराच्या केसांनी दम लागायचा, तेव्हा तिला नेणं शक्य नव्हतं. इथे ठेवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. मांजर गोड आहे हो, पण आमचा सोफा आहे, असं प्रत्येक घर म्हणायचं. त्या सुमारास पनवेलमध्ये घरटी सोफे येऊ लागले होते आणि लोक त्यांना पाहुण्यांपेक्षाही जपत होते.

दारावर येणारी मासळीवाली खाडीकाठच्या गव्हाण गावची. तिनं एक दिवस पाटी उतरवता उतरवता उपाय सांगितला.

"पोत्यात घालून माज्यासंगं द्या, काका. गव्हानला मासलीला कमी नाय. पन घरात नाय घेनार मी, आमच्याकं कुत्री हायेत."

काकांनी तिच्याकडून बोंबील घेतले, पैसे दिले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधपोळीची घोषणा झाली नाही. संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि सासूबाईंना म्हणाले की त्यांनी त्यांच्या एलियाहू हनाबी या प्रेषिताला नवस बोललाय, निमआरामला घर मिळालं तर मलिद्याचा प्रसाद करेन. मांजरासाठी नवस चालतो का, असं सासूबाईंनी विचारलं. त्यावर काका शांतपणे म्हणाले, "नवस बोलताना प्रवासी किती पायांचा, ते विचारत नाहीत, ताई."

निमीला ठेवून घ्यावं असं मला फार वाटत होतं. माझा नवरा अविनाश तळोज्याला कारखान्यात पाळीवर जायचा, मी बँकेत, आणि सासूबाई दिवसभर घरात एकट्या. त्या रोह्याचं घर मोडून आमच्याकडे आल्या होत्या. पण आमच्याही घरात सोफा होता. अविनाशनं ओव्हरटाइम करकरून घेतलेला, मखमली, डाळिंबी रंगाचा. त्यावरचं दुकानातलं प्लॅस्टिक सासूबाईंनी अजून काढू दिलं नव्हतं आणि उन्हाळ्यात त्यावर बसलेला पाहुणा उठताना चर्रकन आवाज करत उठायचा. मांजर ठेवू म्हटल्यावर त्या म्हणाल्या, सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती नखं मारणारच. शेवटी खूप मिनतवारीनंतर एक अट घालून त्यांनी होकार दिला: सोफ्याला एक ओरखडा दिसला की निमी त्याच दिवशी पोत्यातून गव्हाणला.

काका हरखले. आमच्या नव्या हॉलला शोभेलसा फलाट करायचा म्हणून ते सुताराकडे जाऊन बसले. पॉलिश केलेला खांब, खाली सनमायका लावलेली बैठक, वर कोरा पांढरा सुंभ. फ्लॉवरपॉटच्या शेजारी खपून जाईल असा देखणा प्रकार होता. तरी सासूबाईंनी तो हॉलमध्ये ठेवू दिला नाही. गॅलरीत ठेवा म्हणाल्या, पाट्या-वरवंट्याशेजारी. काकांनी मान डोलावली, निमीला आणून सोडलं आणि मागे न बघता गेले.

निमीनं खांब हुंगला, त्याला पाठ दिली आणि हॉलभर एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लॅस्टिक फाटल्याचा आवाज आला. मला सुट्टी होती, मी स्वयंपाकघरातून धावत गेले, तर सोफ्याच्या हातावर प्लॅस्टिकच्या चिंध्या आणि मखमलीवर चार सरळ रेघा. निमी शेजारीच बसून पंजा चाटत होती. सासूबाईंनी त्या रेघा पाहिल्या. माळ्यावरून पोतं काढून त्यांनी ते दाराशी ठेवलं. मासळीवाली यायची वेळ झालीच होती. मला रडू फुटलं आणि मी तशीच समोरचं दार वाजवलं.

काका आले. त्यांनी सोफा पाहिला, पोतं पाहिलं, मग गॅलरीत जाऊन तो कोरा खांब पाहिला. मला वाटलं आता ते तिला उचलून घेऊन जातील. ते म्हणाले, "चूक माझी आहे. फलाट नवा बांधला, पण गाडीला ओळखीचं काही ठेवलं नाही." आणि आपल्या घरी गेले. थोड्या वेळानं ठोकाठोक ऐकू आली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चौकटीवरची ती जुनी फळी होती. सुंभ विस्कटून काळा पडलेला, खिळे वाकडे, मध्ये लाकूड उघडं पडलेलं. त्यांनी ती सोफ्याच्या हाताला टेकवून, अगदी दर्शनी बाजूला उभी केली.

सासूबाई म्हणाल्या, "रूबेनभाऊ, हे बुजगावणं माझ्या हॉलमध्ये नको. मागे गॅलरीत ठेवा."

काकांनी फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ताई, ती नासधूस करत नाही. या घरात मी आहे, एवढंच ती लिहून ठेवते. माणसं जिथे बसतात तिथेच लिहिणार. मागे गॅलरीत कोण कशाला लिहील?"

सासूबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. तिथला पाटा-वरवंटा त्यांचा होता, रोह्याहून मांडीवर घेऊन आणलेला. आमच्या ओट्यावर मिक्सर होता, म्हणून मीच तो हसत हसत गॅलरीत ठेवला होता आणि त्यांनी त्यावर कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मला ते तेव्हाच लख्ख दिसलं आणि माझी मान खाली गेली. निमी तोवर फळीपाशी आली होती. तिनं फळी हुंगली, पाठ ताणली आणि फर्रर्र. सासूबाई वाकल्या, पोत्याची घडी घातली आणि म्हणाल्या, "राहू दे इथंच." त्या रात्रीची चटणी मी पाट्यावर वाटली. त्यांनी शेजारी उभं राहून तिला नावं ठेवली आणि मग भाकरीबरोबर दोनदा मागून घेतली.

काकांनी नवस फेडला. पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांचे काप, आणि शेजारपाजारचे सगळे त्यांच्या घरी. प्रार्थना झाल्यावर पहिलं ताट आमच्याकडे आलं. निमीनं त्यातलं खोबरं तेवढं खाल्लं.

जायच्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी उभी होती. काकांनी आपलं दार ओढून घेतलं होतं. चौकटीवर डबी नव्हती, ती त्यांनी सामानात घेतली होती. खाली फळीच्या जागी लाकडाचा फिका पट्टा दिसत होता. निरोप घ्यायला ते आमच्याकडे आले, सोफ्यावर बसले, निमीच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी आवाज लावला: प्रवाशांनी गाडीत बसून घ्यावे, गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. ते उठले आणि आमच्या दारातून बाहेर पडताना त्यांचा हात आपसूक वर गेला. आमच्या चौकटीवर काहीही नव्हतं. तरी त्यांनी तिथे बोटं टेकवली, ओठांना लावली आणि चपला घातल्या. मागे हॉलमध्ये निमीनं फळीवर नखं ओढली. तो आवाज ऐकून ते जिन्यात क्षणभर थांबले, पण वळले नाहीत.

त्या दिवसापासून सासूबाई बाहेर जाताना चौकटीच्या त्याच जागेवरून हात फिरवायला लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, धूळ बसते गं फार, पुसतेय. त्यांच्या हातात फडकं नसायचं.